वीज दिलेली धूळ फिल्टर तुंबवते, हे खरं नाही

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत कारखान्यांतल्या धूळ गाळणाऱ्या यंत्रणांवर आलेला लेख मी दोनदा वाचला. चिमणीतून बाहेर पडणाऱ्या बारीक धुळीला वर्तमानपत्रात एवढी जागा मिळाली, याचा आनंद झाला. पण त्यातल्या एका वाक्यामुळे मला गप्प बसवेना. ‘धुळीला विद्युतभार दिला की ती कापडाला घट्ट चिकटते, त्यामुळे फिल्टर लवकर तुंबतो आणि पंख्यावरचा ताण वाढतो,’ असं लेखात म्हटलं आहे. वाचताना हे सहज पटतं. नोकरीच्या पहिल्या पाच-सहा वर्षांत माझीही हीच समजूत होती. पण बहुतेक ठिकाणी घडतं ते याच्या उलट. एका प्रयोगात ते मला डोळ्यांसमोर दिसलं, म्हणून हे लांबलचक पत्र.

मी शिक्षणानं इलेक्ट्रिकलची. 31 वर्षं बॅग फिल्टरच्या देखभालीत काढली. सुरुवातीला पॅनलपुरती होते, पुढे फिल्टरच्या आत शिरून पिशव्या बदलण्यापर्यंत सगळं केलं. ज्यांनी बॅग फिल्टर पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पत्र्याची एक मोठी पेटी असते. तिच्या वरच्या भागात भोकं पाडलेली जाड प्लेट, तिला आम्ही ट्यूबशीट म्हणतो. प्रत्येक भोकातून फेल्टची, म्हणजे नमद्यासारख्या जाड कापडाची, एक लांब पिशवी खाली सोडलेली असते. ती साधारण वीतभर रुंद आणि तीन ते सहा मीटर लांब. पिशवी आत चेपू नये म्हणून तिच्यात तारेचा पिंजरा असतो, त्याला केज म्हणतात. धुळीची हवा खालून येते, पिशवीच्या बाहेरून आत शिरते आणि वरून स्वच्छ होऊन पंख्याकडे जाते. धूळ पिशवीच्या बाहेरच्या अंगावर राहते. ती साचली की वरच्या नळीतून दाबाच्या हवेचा एक फटका बसतो. सेकंदाच्या दहाव्या भागाइतकाच, पण त्यानं पिशवी फुगून झटकली जाते आणि धूळ खालच्या हॉपरमध्ये, म्हणजे नरसाळ्यासारख्या भागात, पडते. हा फटका म्हणजे पल्स. पिशवीच्या बाहेरचा आणि आतला दाब यांतला फरक म्हणजे डीपी. तो पाण्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. बॅग फिल्टरवर काम करणारा माणूस दिवसातून शंभर वेळा या डीपीकडे बघतो.

मला हे काम शिकवलं ते आमच्या एका वयस्कर फिटरकाकांनी. त्यांचं एक वाक्य होतं, ‘कापड धूळ अडवत नाही, धूळच धुळीला अडवते.’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते कोड्यासारखं वाटलं. मग त्यांनी नवी कोरी पिशवी हातात देऊन उजेडाकडे धरायला सांगितली. फेल्टचा एकेक धागा 15-20 मायक्रॉन जाडीचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि दोन धाग्यांमधल्या फटी त्याहूनही मोठ्या. लेखात ज्या धुळीची चिंता व्यक्त केली आहे ती अडीच मायक्रॉनच्या आतली. तिच्यासाठी ही फट म्हणजे सताड उघडा दरवाजा. म्हणूनच नव्या पिशव्या घातल्यावर पहिले काही तास चिमणीतून थोडी धूळ दिसते. मग फेल्टवर धुळीचा एक पातळ थर बसतो, त्याच्या बारीक पोकळ्यांमधून हवा जाते आणि धूळ अडते. या थराला कामावर सगळे केक म्हणतात. फिल्टर चांगला चालतो की वाईट, हे कापडापेक्षा हा केक कसा बसला आहे यावर ठरतं. लेखकांची चूक नेमकी इथे झाली असं मला वाटतं. ‘चिकटते’ हा शब्द त्यांनी धूळ आणि कापड एवढ्यापुरताच धरला. खरा प्रश्न आहे तो कणावर कण कसा बसतो याचा.

आता प्रयोगाबद्दल.

चुनखडी दळणाऱ्या एका मिलवर दोन सारखे लहान फिल्टर शेजारी शेजारी होते. पिशव्या एकाच मापाच्या, एकाच पॉलिएस्टर फेल्टच्या. त्यांतल्या एकाच्या तोंडाशी, हवा आत शिरण्याआधीच्या डक्टमध्ये, म्हणजे हवेच्या मोठ्या पाइपात, आम्ही चार्जर बसवला. चार्जर म्हणजे अर्थिंग केलेल्या उभ्या प्लेटा, आणि दोन-दोन प्लेटांच्या बरोबर मध्ये ताणलेल्या बारीक तारा. तार आणि प्लेट यांत दहा सेंटिमीटर अंतर. तारांना 40 किलोव्होल्टचा ऋण विद्युतदाब. एवढा दाब दिला की तारेभोवतीची हवा फुटते आणि आयन सुटतात. याला कोरोना म्हणतात. पुढे एका विषाणूमुळे हा शब्द घराघरांत पोहोचला, पण विजेच्या कामात तो फार जुना आहे. रात्रपाळीत दिवे घालवून काचेच्या खिडकीतून आत पाहिलं की तारेवर जांभळट ठिपके दिसायचे, आणि जवळ उभं राहिलं की ओझोनचा तिखट वास यायचा. ते आयन धुळीच्या कणांवर बसतात. एक मायक्रॉनच्या एका कणावर असे काही शे इलेक्ट्रॉन चढतात. एवढ्याशा भारानंही तार आणि प्लेट यांच्यामधल्या विद्युतक्षेत्रात कणावर लागणारं बल त्याच्या स्वतःच्या वजनाच्या हजारपटीहून जास्त असतं. एवढ्या बारीक कणांच्या बाबतीत गुरुत्वाकर्षणाला काही किंमतच उरत नाही.

पहिले पंधरा दिवस आमचे पूर्ण वाया गेले, आणि चूक माझी होती. दोन्ही फिल्टर एकाच पंख्यावर होते. डीपी मोजायला रंगीत पाण्याच्या दोन यू-नळ्या, म्हणजे मॅनोमीटर, मी स्वतः शेजारी शेजारी लावल्या होत्या. रोज बघते तर दोन्हीकडे पाणी सारख्याच उंचीवर. चार्जर चालू असो की बंद, फरक शून्य. मी अहवालात ‘उपयोग नाही’ असं लिहायलाही घेतलं होतं. काका म्हणाले, ‘अहो, एकाच विहिरीवर दोन पाइप आहेत. ज्या पाइपात अडथळा कमी, तो जास्त पाणी ओढणार. दाब कसा वेगळा दिसेल?’ मग दोन्ही डक्टमध्ये पिटॉट नळी घालून हवेचा वेग मोजला. चार्जरच्या बाजूचा फिल्टर दुसऱ्यापेक्षा ठळकपणे जास्त हवा ओढत होता. डीपी तेवढाच, पण त्याच डीपीत काम जास्त. ज्यांना असा प्रयोग करायचा आहे त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. तुलना करायची तर हवेचं प्रमाण आधी सारखं करायला हवं, नाहीतर मॅनोमीटर तुम्हाला फसवतो.

नंतर दोन्हींना स्वतंत्र पंखे दिले, हवा सारखी केली, आणि डीपी 120 मिलिमीटरला पोहोचला की पल्स सुटेल अशी व्यवस्था लावली. साध्या फिल्टरच्या पल्सचा आवाज ठरावीक वेळानं यायचा. ठाक, ठाक, ठाक, एका मागून एक रांग झटकली जायची. चार्जरवाला फिल्टर बराच वेळ शांत असायचा. साधारणपणे तिकडे दोन फेऱ्या होत तेव्हा इकडे एक होई. एका मिलवरचा, एका प्रकारच्या धुळीचा हा अनुभव आहे. सगळीकडे हाच आकडा येईल असं मी म्हणत नाही.

तीन महिन्यांनी पिशव्या तपासायच्या होत्या. वरून ओढून काढली तर पिशवी ट्यूबशीटच्या कडेला घासते आणि वरचा केक खरवडून निघतो, मग बघायला काही उरत नाही. म्हणून पंखा थांबवला, चार्जरचा पुरवठा तोडून तारांना अर्थ-रॉड लावला, कुलूप घातलं, आणि मी खालच्या दारातून आत शिरले. श्वास रोखून, पिशवीला हलकासा धक्काही न लावता, कात्रीनं तळहाताएवढे दोन तुकडे कापले. एक या फिल्टरमधून, एक त्या फिल्टरमधून. ट्रेमध्ये आडवे ठेवून ते टेबलावर आणले, नव्या ब्लेडनं उभा छेद घेतला आणि दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली धरले.

साध्या फिल्टरचा केक पातळ, सपाट आणि घट्ट होता, पायाखाली तुडवलेल्या मातीसारखा. त्याच्याखाली फेल्टच्या जाडीचा जवळजवळ तिसरा हिस्सा करडा पडला होता. म्हणजे धूळ कापडाच्या पोटात शिरून बसली होती. ती पल्सनं निघत नाही. पिशवी ‘बसली’ किंवा ‘आंधळी झाली’ असं आम्ही म्हणतो ते यालाच. चार्जरच्या बाजूचा तुकडा मात्र पाहताक्षणी वेगळा वाटला. त्याच्यावरचा थर जाड होता आणि मखमलीसारखी लव असल्यासारखा दिसत होता. भिंगाखाली ती लव म्हणजे कणांच्या बारीक फांद्या होत्या, एकीवर एक उभ्या राहिलेल्या, मध्ये भरपूर मोकळी जागा. मी जरा जवळून श्वास सोडला तर त्या कोसळल्या. खालचा फेल्ट वरच्या कातडीपुरता करडा आणि आत पांढराशुभ्र होता.

लेखात जो घट्टपणा सांगितला आहे त्याचं उत्तर या दोन तुकड्यांत आहे. भार नसलेला कण हवेबरोबर वाहत येतो, फटीच्या तोंडाशी जातो आणि जिथे हवा जोरात आत शिरते तिथे खड्डा भरत बसतो. जागा मिळेल तिथे घरंगळतो आणि गच्च बसतो. भारित कणाला तसं घरंगळता येत नाही. आधी बसलेल्या कणाचं पुढे आलेलं टोक त्याला अडवतं, पहिल्या स्पर्शालाच तो तिथे धरला जातो, आणि त्याच्यावर पुढचा. शिवाय सगळ्यांचा भार एकाच जातीचा असल्यामुळे कण एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत, त्यामुळे थर विरळ राहतो. आणखी एक गोष्ट मोजमाप करतानाच लक्षात आली. भारित धुळीतला बराच भाग पिशवीच्या खालच्या भागावर आणि पेटीच्या भिंतींवरच बसतो. पिशवीच्या वरच्या भागावर त्यामानानं पातळ थर राहतो आणि तिथून हवा सहज निघून जाते. एकूण डीपी कमी दिसण्यात याचाही वाटा आहे.

थर थोडा विरळ झाल्यानं एवढा फरक कसा पडतो, असा प्रश्न कुणालाही पडेल. बारीक पोकळ्यांमधून वाहणाऱ्या हवेचा हिशेब कोझेनी यांनी 1927 मध्ये मांडला आणि कार्मन यांनी 1937 मध्ये पुढे नेला. तो या कामात आजही वापरतात. त्या सूत्रानुसार धुळीचं वजन तेवढंच ठेवून थरातली पोकळी 60 टक्क्यांवरून 70 टक्क्यांवर गेली, तर थराचा अडथळा निम्म्याहूनही कमी होतो. पोकळीतला जरासा फरक अडथळ्यात कितीतरी मोठा होऊन दिसतो. आणि अडथळा म्हणजे विजेचं बिल. तासाला एक लाख घनमीटर हवा ओढणाऱ्या फिल्टरवर डीपी 50 मिलिमीटरनं कमी झाला, आणि पंख्याची कार्यक्षमता 70 टक्के धरली, तर सुमारे साडेएकोणीस किलोवॉट वाचतात. चोवीस तासांत साडेचारशेहून जास्त युनिट. चार्जरला लागणारी वीज त्यापुढे अगदी थोडी असते.

पण माझ्या मनाला जास्त लागून राहिलं ते बिलापेक्षा धुराड्याच्या तोंडाशी दिसणारं. प्रत्येक पल्सनंतर पिशवीवरचा केक निघून जातो आणि काही क्षण फेल्ट जवळजवळ उघडा पडतो. तेवढ्यात बारीक धूळ निसटते. बॅग फिल्टरमधून जी काही धूळ बाहेर जाते तिचा मोठा भाग या क्षणांतलाच असतो. पल्स कमी म्हणजे असे क्षण कमी. त्यात भारित कण धाग्याकडे ओढला जातो, त्यामुळे केक नसतानाही तो सुटण्याची शक्यता घटते. सगळ्यांत हट्टी कण असतात ते पाव-अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासचे. हवेच्या झोताबरोबर सरळ जाऊन धाग्यावर आपटायला ते फार हलके, आणि इकडे तिकडे भरकटत धाग्याला जाऊन लागायला ते फार जड. साध्या गाळणीतून निसटणारे तेच. विजेची ओढ त्यांच्यावरही चालते.

याचा दाखला सगळ्यांच्या घरात पडलेला आहे. 2020 मध्ये जे एन-95 मास्क सगळ्यांनी वापरले, त्यांच्या मधल्या थरातल्या धाग्यांवर दीर्घकाळ टिकणारा विद्युतभार बसवलेला असतो. म्हणून तर इतक्या विरळ कापडातून श्वास सहज घेता येतो आणि तरीही बारीक कण अडतात. तो मास्क साबणानं किंवा अल्कोहोलनं धुवू नका असं तेव्हा वारंवार सांगितलं जायचं, कारण धुतला की भार जातो आणि उरतं ते साधं विरळ कापड. मास्कमध्ये भार धाग्यावर असतो, आमच्याकडे धुळीवर. काम करणारी ओढ तीच. ही कल्पनाही काही आजची नाही. राळ चोळलेल्या लोकरीचे भारित फिल्टर डेन्मार्कच्या हान्सेन यांनी 1930 मध्ये केले होते. नुसत्या विजेनं, कापडाशिवाय धूळ पकडण्याच्या यंत्राचं पेटंट अमेरिकेतल्या फ्रेडरिक कॉट्रेल यांना 1908 मध्येच मिळालं होतं. वीजकेंद्रांवर जो ईएसपी, म्हणजे इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर, असतो तो त्यांच्याच कामातून आलेला.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण हे पत्र वाचून कुणी उद्याच चार्जर मागवायला जाऊ नये.

धूळ भार धरून ठेवते का, हे आधी बघावं लागतं. काजळीसारखी वीज वाहून नेणारी धूळ अर्थ झालेल्या जागेला लागली की भार तिथल्या तिथे सोडून देते. तिच्यावर खर्च करण्यात अर्थ नाही. उलट ज्या धुळीचा विशिष्ट रोध, म्हणजे वीज अडवण्याचा गुण, फार जास्त असतो, 10 चा अकरावा घात ओहम-सेंटिमीटरच्या पुढचा, तिचा थर चार्जरच्या प्लेटांवर बसला की त्या थरातच ठिणग्या पडू लागतात आणि उलट्या जातीचे आयन सुटून केलेलं काम पुसलं जातं. याला बॅक कोरोना म्हणतात. कोळशाच्या राखेचा रोध दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास सर्वाधिक असतो, म्हणजे नेमका जिथे फिल्टर बसवायचा असतो तिथेच. हवेतल्या दमटपणावरही बरंच काही अवलंबून असतं. चार्जर आणि फिल्टर यांच्यात लांब डक्ट आणि चार वळणं असतील तर भारित धूळ वाटेतच भिंतींना लागते. प्लेटांवर आणि इन्सुलेटरवर धूळ साचते, ती झटकायची सोय नसेल तर महिनाभरात चार्जर आहे की नाही हे सारखंच होतं.

याचा एक अनुभव मनात सलतो. एका कारखान्यात, नाव घेत नाही, मला फिल्टर ‘बघायला’ बोलावलं. चार्जर बसवून वर्ष झालं तरी फायदा नाही अशी तक्रार होती. पॅनलवर हिरवा दिवा लागलेला, किलोव्होल्टचा काटा अगदी जागेवर. रोज पाळीच्या वहीत तो आकडा लिहिला जात होता. त्याच्याच शेजारी मिलिअँपिअरचा काटा शून्यावर टेकलेला होता, आणि तो कुणी लिहितच नव्हतं. विद्युतदाब आहे पण प्रवाह नाही, म्हणजे आयन सुटतच नव्हते. तारांवर धुळीचा बोटभर जाड लेप चढला होता. काही ठिकाणी तारा स्वच्छ असूनही प्रवाह घटतो, कारण येणारी धूळच इतकी बारीक आणि दाट असते की तिच्यावर चढलेला भार पुढच्या कोरोनाला दाबून टाकतो. कारण कुठलंही असो, ते सांगणारा काटा समोर होता. वर्षभर त्या कारखान्यानं एक बंद यंत्र चालू म्हणून सांभाळलं, आणि दोष गेला तंत्राच्या माथी.

मोठ्या प्रमाणावर केलेले सगळे प्रयत्न यशस्वी झाले असंही नाही. अमेरिकेत दक्षिण डकोटातल्या बिग स्टोन वीजकेंद्रात 2002 मध्ये विजेच्या तारा आणि पिशव्या एकाच पेटीत बसवून मोठी यंत्रणा उभी केली होती. प्रयोगशाळेत आणि लहान नमुन्यावर ती उत्तम चालली होती. प्रत्यक्षात डीपी अपेक्षेपेक्षा जास्त राहिला आणि पिशव्या लवकर गेल्या. वीज आणि कापड एकाच पेटीत आणायचं तर दोघांची दुखणी एकत्र येतात. त्यापेक्षा चार्जर आधी आणि पिशव्या नंतर, ही मांडणी देखभालीच्या दृष्टीनं मला जास्त खात्रीची वाटते.

आणि आता सगळ्यांत गंभीर गोष्ट. जळू शकणारी धूळ, म्हणजे पीठ, साखर, लाकडाचा भुसा, कोळसा, ॲल्युमिनियम, हिच्या वाटेत कोरोनाचा चार्जर कधीही बसवू नये. बंद पेटी, हवेत तरंगणारी बारीक धूळ आणि एक ठिणगी एवढ्यावर स्फोट होतो. अशा ठिकाणी धुळीला भार देण्याचा विचार सोडून, तिला आपोआप मिळणारा भार काढून कसा टाकायचा हे बघावं लागतं. कारण डक्टमधून घासत येताना धूळ स्वतःहूनच भारित होते. कुणी चार्जर लावो वा न लावो, पिशवीवर वीज येतेच. पॉलिएस्टरचं फेल्ट ती वाहून नेत नाही. आतला केज लोखंडाचा असला तरी त्याचं वरचं तोंड फेल्टच्या घडीवर टेकलेलं असतं, त्यामुळे तो ट्यूबशीटला लागतच नाही. चारी बाजूंनी कापडानं वेढलेला एक तीन मीटर लांबीचा लोखंडी तुकडा, भार साठवत लटकलेला. हे बाहेरून अजिबात कळत नाही.

म्हणून अशा पिशव्यांच्या तोंडाला तांब्याची किंवा स्टीलची एक चपटी वेणी शिवलेली असते. ती आत केजला आणि बाहेर ट्यूबशीटला टेकते आणि भार अर्थला नेते. एकदा पिशव्या बदलण्याचं काम चालू होतं. एक नवा मुलगा, वय वीसच्या आतबाहेर, अतिशय मन लावून काम करणारा. त्याच्या पायाशी मला तांब्याच्या वेण्यांची लहानशी रास दिसली. पिशवी भोकात बसवताना ती मध्ये येत होती, कडा नीट दबत नव्हती, म्हणून तो प्रत्येक पिशवीची वेणी कात्रीनं कापून बाजूला ठेवत होता. ‘मॅडम, शिलाईचा जास्तीचा तुकडा राहिलाय सगळ्यांना,’ असं तो म्हणाला. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. लाकडाच्या भुशाचा फिल्टर होता तो. बावीस पिशव्या झाल्या होत्या. त्या सगळ्या काढल्या, नव्या घातल्या, आणि प्रत्येक केज ते ट्यूबशीट असा रोध मीटरनं मोजून वहीत लिहिला. त्या मुलालाच मीटर धरायला दिला. तो पुढे त्या विभागाचा सुपरवायझर झाला आणि वेणी का असते हे नव्या मुलांना पहिल्याच दिवशी दाखवू लागला.

संपादक महोदय, लेखकांचा हेतू चांगला आहे याबद्दल मला शंका नाही. पण ‘वीज दिली की फिल्टर तुंबतो’ हे वाक्य छापील राहिलं तर ज्याच्या हातात पुढचा निर्णय आहे असा एखादा वाचक हा मार्गच सोडून देईल, आणि डीपी वाढला की नेहमीसारखं जाड कापड मागवेल किंवा पल्सचा दाब वाढवेल. जाड कापडात धूळ आणखी खोल शिरते. दाब वाढवला तर पिशवी केजच्या तारांवर जोरात आपटून त्याच रेषांवर फाटते. अशा फाटलेल्या पिशव्या मी ट्रकभर पाहिल्या आहेत. त्याऐवजी आधी आपल्या धुळीचा विशिष्ट रोध मोजून घ्यावा, ती जळते का ते तपासावं, आणि मगच दोन लहान फिल्टर दोन वेगळ्या पंख्यांवर लावून बघावेत.

जाता जाता एक दुरुस्ती. लेखासोबतच्या आकृतीत हवेचा बाण पिशवीच्या आतून बाहेर जाताना दाखवला आहे, आणि धूळ आतल्या बाजूला रंगवली आहे. उलट्या हवेनं साफ होणाऱ्या जुन्या पद्धतीच्या फिल्टरमध्ये ते बरोबर ठरेल. पण आकृतीत केज आणि वर पल्सची नळी काढली आहे, तिथे बाण बाहेरून आत हवा. मी बाण दुरुस्त करून आकृती पत्रासोबत जोडली आहे, आणि तांब्याची वेणी कुठे बसते तेही तीत लाल शाईनं दाखवलं आहे. पुढच्या रविवारी जागा असेल तर ती छापावी, ही विनंती.

आपली,
बॅग फिल्टरच्या देखभालीतून निवृत्त झालेली एक वाचक